लिनक्स ६.१२ कर्नलमधील डीबगिंगचे आणि मेमरी-संरक्षणाचे पर्याय : वर्षभर वापरल्यानंतर

पुण्यातील आमची पाच जणांची तुकडी कारखान्यांतील यंत्रांचे तापमान आणि कंपने मोजणारे छोटे बोर्ड तयार करते, आणि त्यांवर चालणारे लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आम्ही स्वतःच बिल्ड करतो. बोर्डावर चार कोअरचा कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसर आणि १ जीबी मेमरी आहे. कर्नल ६.१२ मालिकेतील आहे. ही मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला दीर्घकाळ देखभाल मिळणार आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात लावलेला बोर्ड मध्यरात्री बंद पडला, तर तिथे जाऊन तो उघडून पाहण्याची सोय नसते. जे कळायचे ते त्याने मागे ठेवलेल्या चार ओळींच्या लॉगमधूनच कळते. म्हणून कर्नल बिल्ड करताना ‘मेन्यूकॉन्फिग’ या पर्याय निवडण्याच्या पडद्यावर समोर येणारे डीबगिंगचे आणि मेमरी-संरक्षणाचे पर्याय आम्ही वर्षभर एकेक करून चालू केले, बंद केले आणि त्यांपैकी कोणता कामाला येतो ते पाहिले. हे पर्याय फुकट मिळतात हे खरे. पण त्यांची किंमत मेमरीत, वेगात आणि आपल्या वेळात मोजावी लागते, आणि ती किंमत वसूल होते का, हेच या परीक्षणात पाहायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. हे पर्याय उत्तम आहेत, आणि त्यांपैकी काहींशिवाय कर्नलचे ड्रायव्हर लिहिण्याचे धाडस मी आता करणार नाही. मात्र ते सगळे एकाच कर्नलमध्ये कोंबण्याचा प्रयत्न करू नये. एकाच स्रोतातून दोन कर्नल बिल्ड करावेत : एक चाचणीच्या टेबलावरचा, जो हळू चालेल, मेमरी खाईल, पण चूक झाल्या क्षणी बोट ठेवून दाखवेल, आणि दुसरा ग्राहकाकडे जाणारा, जो आपल्या वेगाने चालेल, पण चुकीचा फायदा कोणाला घेऊ देणार नाही. बोर्डाबरोबर पुरवठादाराकडून आलेल्या तयार कॉन्फिगरेशनमध्ये यांपैकी एकही कर्नल धडपणे उभा राहत नव्हता. डीबगिंगचे पर्याय बंद होते, ते समजू शकतो; पण संरक्षणाचेही निम्मे पर्याय बंद होते, आणि त्याचे कारण कोठेही नोंदवलेले नव्हते.

डीबगिंग आणि संरक्षण यांच्यातील भिंत किती पातळ आहे, हे या पर्यायांच्या नावांच्या इतिहासातूनच दिसते. कर्नलचा कोड केवळ वाचता आणि चालवता यावा, त्यावर लिहिता येऊ नये, आणि डेटा असलेले पेज (मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा) चालवता येऊ नये, ही आज मूलभूत मानली जाणारी व्यवस्था अनेक वर्षे ‘डीबग रोडेटा’ या नावाने डीबगिंगच्या यादीत पडून होती. नावात ‘डीबग’ असल्यामुळे कित्येकांनी ती ग्राहकाच्या कर्नलमध्ये बंद ठेवली असणार. २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, तिचे नाव बदलून ‘स्ट्रिक्ट कर्नल आरडब्ल्यूएक्स’ असे ठेवले गेले, आणि आज एक्स८६ तसेच ६४-बिट एआरएमवर ती बिल्ड करताना बंद करताच येत नाही. साखळी-याद्यांच्या दुव्यांची तपासणी करणाऱ्या ‘डीबग लिस्ट’चेही तसेच झाले : २०२३ मधील ६.६ आवृत्तीत तिचा स्वस्त भाग वेगळा काढून त्याला ‘लिस्ट हार्डन्ड’ हे नाव दिले गेले, म्हणजे तो चालत्या यंत्रातही ठेवता येतो. कालचे डीबगिंगचे साधन आजचे संरक्षण होते, ही वाटचाल २०१५ मध्ये केस कुक यांनी सुरू केलेल्या कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रकल्पानंतर वेगाने झाली, आणि त्यातील बऱ्याच कल्पनांचे मूळ त्याआधीच्या पॅक्स आणि जीआरसिक्युरिटी या पॅचेसमध्ये आहे.

आता टेबलावरच्या कर्नलकडे येतो. त्यातील सर्वांत मोलाचा पर्याय म्हणजे केसॅन. आंद्रेई र्‍याबिनिन यांनी लिहिलेला हा मेमरी-तपासनीस २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. त्याच्या सर्वसाधारण प्रकारात कर्नलच्या दर ८ बाइटांमागे १ बाइट ‘शॅडो मेमरी’ म्हणून बाजूला ठेवला जातो, आणि त्या बाइटमध्ये मूळ ८ बाइटांपैकी किती वापरायला मोकळे आहेत याची नोंद असते. शून्य असेल तर आठही मोकळे. १ ते ७ यांपैकी आकडा असेल तर पहिले तेवढेच. आणि मोठा, ठराविक आकडा असेल तर तिथे हातच लावायचा नाही. कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी या नोंदीची तपासणी घालतो. मोकळी केलेली मेमरी लगेच दुसऱ्याला न देता काही काळ विलगीकरणात ठेवली जाते, त्यामुळे सोडून दिलेल्या जागेवर उशिरा टाकलेला हातही सापडतो.

हे कागदावर वाचणे वेगळे आणि प्रत्यक्ष पाहणे वेगळे, म्हणून आमचा एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. कंपन मोजणाऱ्या यूएसबी सेन्सरचा ड्रायव्हर आम्हाला बोर्डाच्या पुरवठादाराकडून मिळाला होता. सेन्सर काढून पुन्हा लावला की काही तासांनी बोर्ड कोलमडे, आणि कोलमडे तो दरवेळी भलत्याच ठिकाणी : एकदा फाइल-सिस्टिमच्या कोडमध्ये, एकदा नेटवर्कच्या, एकदा तर टर्मिनलच्या. सेन्सरच्या ड्रायव्हरचे नाव लॉगमध्ये एकदाही आले नाही. तीन आठवडे आम्ही फाइल-सिस्टिमवर आणि मेमरीच्या चिपवर संशय घेत राहिलो.

पहिला धागा स्लबच्या डीबगिंगने दिला. स्लब हा कर्नलचा छोट्या वस्तूंसाठीचा मेमरी-वाटप करणारा भाग आहे, ६.८ मध्ये जुना स्लॅब काढून टाकल्यापासून तोच एकटा उरला आहे. त्याचे डीबगिंग बिल्डमध्ये असले, तरी ते बूटच्या वेळी मागितल्याशिवाय चालू होत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. चालू केल्यावर तो मोकळ्या केलेल्या वस्तूच्या शेवटचा सोडून प्रत्येक बाइटमध्ये सोळा-आधारी ६बी हा आकडा भरून ठेवतो. पुढच्या वेळी बोर्ड कोलमडला तेव्हा लॉगमधील एका रजिस्टरमध्ये ६बी ६बी ६बी अशी आठ वेळा तीच अक्षरे ओळीने उभी होती. ज्याने ही अक्षरे एकदा पाहिली, तो ती विसरत नाही : कोणीतरी मोकळ्या केलेल्या वस्तूतून पॉइंटर उचलला होता आणि त्याच्या मागे चालत गेला होता. पण कोणी, ते मात्र स्लबने सांगितले नाही.

केसॅन चालू करून तोच सेन्सर काढला, आणि काही मिनिटांत अहवाल आला. त्यात तीन मागमूस होते. पहिला, ही मेमरी कोणी मागितली : सेन्सर जोडला जाताना चालणारे फंक्शन. दुसरा, ती कोणी मोकळी केली : सेन्सर काढल्यावर चालणारे फंक्शन. आणि तिसरा, जो मला सर्वांत अमूल्य वाटतो, तो म्हणजे या वस्तूशी संबंधित काम वर्कक्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) शेवटचे कोणी टाकले. त्याखाली शॅडो मेमरीच्या ओळी होत्या, एफबी एफबी एफबी अशा, म्हणजे मोकळी केलेली जागा, आणि तिच्या पुढे एफसी, म्हणजे दोन वस्तूंमधील रिकामी पट्टी. नेमक्या चुकीच्या बाइटखाली वर दाखवणारे टोकदार चिन्ह होते. ड्रायव्हर उशिराने चालणारे काम रद्द करत होता, पण ते काम दुसऱ्या कोअरवर चालू झालेले असेल तर ते संपेपर्यंत थांबत नव्हता. थांबणारे फंक्शन वेगळे आहे. त्याच्या नावाच्या शेवटी ‘सिंक’ एवढे जास्त असते. तीन आठवड्यांचा शोध एका शब्दाच्या दुरुस्तीवर येऊन थांबला.

केसॅनची किंमत मात्र खरी आहे आणि ती आधीच मोजून ठेवावी. शॅडो मेमरीसाठी एक अष्टमांश, म्हणजे आमच्या १ जीबीपैकी १२८ एमबी, सरळ गेली. शिवाय विलगीकरणातील मेमरी आणि वस्तूंमधील पट्ट्या. तपासणीचा कोड जागच्या जागी घालण्याचा ‘इनलाइन’ प्रकार निवडला तर बायनरी फुगते, पण कर्नलच्या दस्तऐवजीकरणानुसार तो दुसऱ्या प्रकारापेक्षा दुपटीपर्यंत वेगवान असतो. आम्ही तोच घेतला आणि पश्चात्ताप झाला नाही. तरीही बूट इतके लांबले की हार्डवेअर वॉचडॉगची (ठराविक वेळेत प्रतिसाद न मिळाल्यास यंत्र रीसेट करणाऱ्या पहारेकऱ्याची) मुदत संपून बोर्ड स्वतःच रीसेट होऊ लागला, आणि ती मुदत वाढवावी लागली. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही : केसॅन नेहमीच्या मांडणीत फक्त पहिलीच चूक सांगतो आणि मग गप्प बसतो. पुढच्याही हव्या असतील तर बूटच्या वेळी ‘मल्टी-शॉट’ मागावे लागते. मला हे गप्प बसणे योग्य वाटते, कारण एकदा मेमरी बिघडल्यानंतरच्या तक्रारींवर विश्वास ठेवणे धोक्याचे असते. पण ते माहीत नसेल तर ‘एकच चूक होती, गेली’ असा गैरसमज होतो.

केसॅनचा एक प्रकार प्रत्यक्ष हार्डवेअरच्या मदतीने चालतो आणि तो ग्राहकाच्या यंत्रातही ठेवण्याइतका हलका असावा, हाच त्याचा हेतू आहे. २०२१ मधील ५.११ आवृत्तीत तो आला. त्यात मेमरीच्या दर १६ बाइटांना ४ बिटांची खूण लावली जाते आणि पॉइंटरवरची खूण जुळली नाही तर प्रोसेसरच हरकत घेतो. पण त्यासाठी एआरएमचे मेमरी टॅगिंग असलेला नवा प्रोसेसर लागतो, आणि आमचा ए५३ त्या पिढीचा नाही. ज्यांच्याकडे तसे हार्डवेअर आहे, त्यांनी तो जरूर पाहावा.

आमच्यासारख्यांसाठी ग्राहकाच्या कर्नलमध्ये ठेवण्याजोगा शोधक म्हणजे केफेन्स. हाही २०२१ चाच, ५.१२ मधला. त्याची युक्ती साधी आणि फार सुंदर आहे. तो प्रत्येक वस्तूवर पहारा ठेवत नाही; दर १०० मिलिसेकंदांनी मेमरीची एखादी मागणी निवडतो आणि ती वस्तू एका स्वतंत्र पेजमध्ये, शेजारी पहाऱ्याचे पेज ठेवून, मांडतो. वस्तू पेजच्या डाव्या किंवा उजव्या कडेला चिकटवलेली असते, म्हणून त्या कडेबाहेर पाऊल पडताच तिथल्या तिथे पकडले जाते. मूळ मांडणीत अशा २५५ वस्तू असतात आणि ४ केबीच्या पेजवर सगळा मिळून खर्च २ एमबी येतो. एका यंत्रावर केफेन्सला चूक सापडण्याची शक्यता कमी असते. पण शेकडो बोर्ड महिनोन्‌महिने चालत असतील, तर चाचणीच्या टेबलावर कधीच न घडणारी चूक त्यांपैकी एखाद्यावर त्याच्या हाती लागते. बोर्डांची संख्या हेच त्याचे भांडवल आहे. दोन एमबीच्या मोबदल्यात एवढे देणारा दुसरा पर्याय या साऱ्या यादीत मला आढळला नाही.

कुलपांची, म्हणजे एका डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेल्या लॉकची, तपासणी करणारा लॉकडेप २००६ पासून, म्हणजे २.६.१८ पासून, कर्नलमध्ये आहे. वर सांगितलेल्या दुरुस्तीनंतर त्याने आमची मोठी फजिती टाळली. काम संपेपर्यंत थांबणारे फंक्शन आम्ही घातले, केसॅन समाधानी झाला, आणि दुसऱ्याच दिवशी लॉकडेपने वर्तुळाकार अवलंबित्वाचा इशारा दिला. सेन्सर काढतानाचे फंक्शन ड्रायव्हरचे म्युटेक्स हे कुलूप हातात धरून कामाच्या संपण्याची वाट पाहत होते, आणि ते काम तेच म्युटेक्स मिळण्याची वाट पाहू शकत होते. प्रत्यक्षात बोर्ड एकदाही अडकला नव्हता. लॉकडेपची थोरवी यातच आहे : दोन्ही क्रम वेगवेगळ्या वेळी, सुखरूप पार पडलेले त्याने पाहिले असले, तरी ते एकत्र आल्यास काय होईल हे तो आधी सांगतो. अडकण्याची वाट पाहत बसलो असतो, तर हा दोष कारखान्यातच उघड झाला असता. त्याचे दोन नियम लक्षात ठेवावेत. पहिल्या अहवालानंतर तोही स्वतःला बंद करतो. आणि मालकी परवान्याचे बंद-स्रोत मॉड्यूल लोड केले की कर्नल ‘टेंट’ (डागाळलेला) होतो आणि लॉकडेप थांबतो. ज्यांच्या बोर्डावर असे मॉड्यूल आहे, त्यांनी निदान चाचणीपुरते ते बाजूला ठेवावे.

केमेमलीकबद्दल थोडक्यात सांगतो. २००९ पासून असलेला हा गळती-शोधक दर १० मिनिटांनी मेमरी चाळतो आणि ज्या वस्तूंकडे कोणताच पॉइंटर उरलेला नाही त्यांची यादी देतो. पॉइंटर भौतिक पत्त्याच्या रूपात ठेवलेला असेल तर तो फसतो आणि निर्दोष वस्तूला गळती म्हणतो. आम्ही तो रोज चालवत नाही. मेमरी हळूहळू कमी होताना दिसली, तरच.

ग्राहकाच्या कर्नलमधील संरक्षणांपैकी मला सर्वांत जवळचे वाटते ते हार्डन्ड यूजरकॉपी, कारण त्याने आमचीच चूक आमच्या पदरात घातली. वापरकर्त्याच्या प्रोग्रामला डेटा देताना आमच्या एका आयओसीटीएलमध्ये (प्रोग्रामने ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञेत) किती बाइट द्यायचे तो आकडा प्रोग्रामकडूनच येत होता आणि आम्ही तो तपासला नव्हता. ६४ बाइटांच्या वस्तूतून २०० बाइट मागितले असते, तर शेजारच्या वस्तूंमधील मजकूर बाहेर गेला असता, आणि त्यात काय असेल हे कोणालाच सांगता आले नसते. २०१६ च्या ४.८ पासून असलेला हा पर्याय प्रत्येक देवघेवीत तपासतो की नकलेची लांबी त्या वस्तूत मावते का, आणि मावत नसेल तर कर्नल ती थांबवतो व ‘कर्नलची मेमरी उघडी करण्याचा प्रयत्न’ अशी नोंद लॉगमध्ये करतो. एका नव्या सहकाऱ्याने चाचणीच्या प्रोग्राममध्ये चुकून मोठा आकडा टाकला, म्हणून हे कळले. पुरवठादाराच्या कॉन्फिगरेशनमध्ये हा पर्याय बंद होता. त्या कर्नलवर तोच प्रोग्राम निमूटपणे २०० बाइट छापत होता. ते बाइट पडद्यावर पाहिले, तेव्हापासून हा पर्याय बंद ठेवण्याची कोणतीही सबब मी ऐकून घेत नाही.

मेमरी देताना शून्याने भरण्याचा आणि मोकळी करताना शून्याने भरण्याचा, असे दोन जुळे पर्याय २०१९ च्या ५.३ पासून आहेत. या दोहोंच्या मदत-मजकुराचे मी कौतुक करतो, कारण इतरत्र क्वचितच सापडणारी गोष्ट तिथे आहे : खर्चाचा आकडा. देताना भरण्याचा परिणाम बहुतेक ठिकाणी १ टक्क्याहून कमी, आणि कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. मोकळी करताना भरण्याचा बहुतेक ठिकाणी ३ ते ५ टक्के, आणि कृत्रिम चाचण्यांत ८ पर्यंत. दुसरा महाग का, तेही तिथे सांगितले आहे : मोकळी होणारी मेमरी बहुधा कॅशमधून निघून गेलेली असते आणि तिला पुन्हा हात लावावा लागतो. आम्ही पहिला कायम चालू ठेवतो आणि दुसरा बंद. ज्यांच्या यंत्रात पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या फिरत असतात, त्यांनी दुसऱ्याचाही खर्च सोसावा.

स्टॅकच्या, म्हणजे फंक्शन्सच्या तात्पुरत्या मेमरीच्या, बाबतीत ‘स्ट्राँग’ स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅकवरचा बफर उतू गेल्याचे ओळखणारा) आणि व्हीमॅप स्टॅक हे दोन्ही चालू हवेत. साधा प्रोटेक्टर कर्नलच्या सुमारे ३ टक्के फंक्शन्सना संरक्षण देतो, स्ट्राँग सुमारे २० टक्के, आणि त्यासाठी कोडचा आकार २ टक्क्यांच्या आसपास वाढतो. हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे. व्हीमॅप स्टॅकमुळे प्रत्येक थ्रेडच्या १६ केबीच्या स्टॅकशेजारी पहाऱ्याचे पेज येते, आणि स्टॅक उतू गेला तर तो शेजाऱ्याची मेमरी गुपचूप न चिरडता जागीच थांबतो. त्याचा एक दुष्परिणाम आम्हाला भोवला : स्टॅकवरच्या बफरमधून थेट डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीशी देवघेव) करणारा एक जुना ड्रायव्हर हा पर्याय चालू करताच चालेनासा झाला. दोष ड्रायव्हरचाच होता, कारण स्टॅकवरून डीएमए करायचा नसतो हा नियम जुनाच आहे. बफर वेगळा मागून घेतला आणि काम झाले.

पत्त्यांची सरमिसळ, म्हणजे दर बूटला कर्नल वेगळ्या पत्त्यावर ठेवणारे केएएसएलआर, चालू ठेवावी. एक्स८६ वर ती २०१७ च्या ४.१२ पासून मुळातच चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरच्या दोषावरचा, पेज-टेबल (मेमरीच्या पत्त्यांचे नकाशे) वेगळे ठेवण्याचा उपाय आमच्या ए५३ ला लागत नाही, कारण त्या प्रोसेसरला तो दोष नाही. ज्यांचा प्रोसेसर त्या यादीत आहे त्यांनी वेग वाचवण्यासाठी तो बंद करू नये. मात्र एआरएमच्या जुन्या पिढीत, कर्नलने चुकून वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावू नये यासाठीची सोय हार्डवेअरमध्ये नाही. तिची सॉफ्टवेअरमधली नक्कल वेगळी चालू करावी लागते, आणि ती राहून जाणे फार सोपे आहे.

संरक्षण चालू आहे असे कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहिलेले असणे आणि ते खरोखर चालू असणे यांत फरक असतो. त्यासाठी दोन गोष्टी मला अतिशय आवडल्या. एक, ‘डीबग डब्ल्यूएक्स’ हा पर्याय : लिहिता आणि चालवता दोन्ही येईल असे एखादे पेज राहिले आहे का, हे तो बूटच्या वेळी पाहतो, आणि ‘तपासले, एकही नाही’ अशी ओळ लॉगमध्ये टाकतो. आमच्या चाचणीची पहिली अट ती ओळ दिसणे ही आहे. दुसरी, एलकेडीटीएम हे मॉड्यूल : डीबगएफएस या डीबगिंगच्या आभासी फाइल-सिस्टिममधील एका फाइलमध्ये नाव लिहिले की ते मुद्दाम नेमका तोच गुन्हा करते, केवळ वाचनाच्या पेजवर लिहिते, स्टॅकवरचा कोड चालवते, एकच वस्तू दोनदा मोकळी करते. कर्नलने त्याला अडवले तर संरक्षण जिवंत आहे. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहावे, तसे हे आहे. ग्राहकाच्या कर्नलमध्ये मात्र हे मॉड्यूल कधीही जाता कामा नये.

या पर्यायांविषयी माझी मोठी तक्रार त्यांच्या मांडणीची आहे. केसॅन, केफेन्स, लॉकडेप ‘कर्नल हॅकिंग’खाली, यूजरकॉपी आणि शून्याने भरणे ‘सिक्युरिटी’खाली, स्टॅकचे पर्याय आर्किटेक्चरवर अवलंबून असलेल्या सर्वसाधारण यादीत, स्लबच्या मोकळ्या जागांच्या यादीची सरमिसळ मेमरी-व्यवस्थापनात, आणि पत्त्यांची सरमिसळ ज्या-त्या प्रोसेसरच्या पानावर. नवा माणूस ‘सिक्युरिटी’चे पान पाहून काम झाले असे समजेल, आणि तो चुकेल. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून नावाने शोधता येते, पण त्यासाठी नाव आधी माहीत हवे. २०२४ च्या आरंभी आलेल्या ६.७ पासून ‘हार्डनिंग’ नावाचा तयार तुकडा मिळतो, जो मेकच्या एका आज्ञेने आपल्या कॉन्फिगरेशनवर चढवता येतो, आणि तसाच एक ‘डीबग’ नावाचाही आहे. आमच्या दोन कर्नलांचा पाया आता हेच दोन तुकडे आहेत. त्यावर अलेक्झांडर पोपोव्ह यांचे कर्नल-हार्डनिंग-चेकर हे साधन चालवले की प्रत्येक पर्यायापुढे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी यादी मिळते. ती जरूर पाहावी, पण शंभरपैकी शंभर मिळवण्याच्या मागे लागू नये. त्यातील काही पर्याय आपल्या यंत्राला लागू नसतात, आणि काहींनी आपल्याला हवी असलेली सोयच बंद होते.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. डीबगिंगच्या माहितीसह बिल्ड केल्यावर तयार होणारी व्हीएमलिनक्स ही फाइल शेकडो एमबीची होते. ती बोर्डावर जात नाही, पण प्रत्येक पाठवलेल्या कर्नलची ती जपून ठेवली नाही, तर कारखान्यातून आलेल्या लॉगमधील पत्त्यांवरून कोडची ओळ काढणे अशक्य होते. कर्नलसोबतच येणारी डीकोड-स्टॅकट्रेस ही स्क्रिप्ट हीच फाइल वापरते. आणि बोर्डावर डिस्क नसेल तर रॅमऊप्स चालू करावे : कोलमडण्याआधीचा लॉग मेमरीच्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात लिहिला जातो आणि रीसेटनंतर वाचता येतो. आम्हाला कारखान्यातून मिळणाऱ्या त्या चार ओळी यातूनच येतात.

ज्यांना हे सारे पहिल्यांदाच करून पाहायचे आहे, विशेषतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, मी बोर्ड घेण्याआधी क्यूईएमयूवर सुरुवात करण्यास सांगेन. २ जीबी मेमरीचे आभासी यंत्र पुरते. केसॅन इनलाइन, लॉकडेप आणि स्लबचे डीबगिंग एवढेच चालू करावे, आणि जीडीबी हा डीबगर जोडायचा असेल तर बूटच्या ओळीत ‘नोकेएएसएलआर’ लिहावे, नाहीतर ब्रेकपॉइंट एका पत्त्यावर आणि कोड दुसऱ्याच पत्त्यावर असे होऊन अर्धा दिवस जातो. मग दहा ओळींचे एक मॉड्यूल लिहावे, त्यात ३२ बाइट मागावेत आणि तेहतिसावा लिहावा. जो अहवाल येईल तो वरपासून खालपर्यंत, शॅडो मेमरीच्या शेवटच्या ओळीसह, वहीत उतरवून काढावा.